म्हसवडच्या टाकीवाल्या मावशींना

मावशी, नमस्कार.

मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. रस्त्याच्या कडेला पाटे-वरवंटे, खलबत्ते मांडून तुम्ही बसला होता. टाकी म्हणजे दगडाची छिन्नी. तिने टोचून गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरखरीत करायचा, हे तुमचं काम. मी विचारलं, "मावशी, जुन्या जात्याला टाकी लावून द्याल का?" हातातलं काम न थांबवता तुम्ही नुसती मान वर केलीत आणि म्हणालात, "दळायचंय, का नुसतं मांडून ठिवायचंय?"

टाकीबद्दल तुमचे आभार मानायचेच आहेत, पण त्याआधी या प्रश्नाबद्दल मानायचे आहेत.

तोवर आमचं ठरलं होतं की जातं पुण्याला न्यायचं. जुन्या वस्तूंचं दुकान असलेल्या एकाने सांगितलं होतं, वरचा दगड पॉलिश करू, त्यावर काच टाकू, छान टीपॉय होईल. मलाही ते पटलं होतं. निदान आजीची आठवण डोळ्यांसमोर राहील, एवढाच विचार. टाकी लावली की दगड जरा नवा दिसेल, म्हणून मी तुमच्यापाशी थांबले होते. तुमच्या प्रश्नावर मी काय उत्तर दिलं ते तुम्हाला आठवत नसेल. मी म्हणाले, "दळायचंय." कसं निघून गेलं तोंडातून, कोण जाणे. पण एकदा म्हटल्यावर मागे फिरावंसं वाटलं नाही.

आमचं गाव म्हसवडच्याच, साताऱ्यातल्या माण तालुक्यातलं. आजीचं जातं परसात, कडुलिंबाखाली पालथं पडलेलं होतं. पोरं त्यावर बसून चप्पल घालायची. मला आठवतं तेव्हापासून गावात गिरणी होती, त्यामुळे आजीला मी पीठ दळताना फारसं पाहिलं नाही. डाळ भरडताना मात्र पाहिलंय. त्याआधीचं सगळं ऐकीव. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळायचा. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून आलेली आजी तो मिलो पहाटे याच जात्यावर दळायची. कामावर खायला सुखडी मिळायची ती लेकरांसाठी पदरात बांधून आणायची. आई हे सांगते तेव्हा तिचा आवाज बदलत नाही. तिच्यासाठी तो रोजचा दिवस होता.

गावात गिरणी आली तेव्हा आजीने स्वतः जाऊन गिरणीच्या दारात नारळ वाढवला होता म्हणे. मला ते अगदी समजतं. पहाटे तीनला उठायचं, तळहाताला घट्टे पडेपर्यंत ओढायचं आणि मग दिवसाच्या कामाला लागायचं. ते दळण सुटलं हे फार चांगलं झालं. जुनं ते सोनं म्हणत त्या कष्टाला कुणी गोंजारू नये असं मला वाटतं. पण दळण सुटलं म्हणून जातंही उकिरड्याशेजारी जावं, आणि त्याला टाकी लावणारी माणसंही वाटेवरून दिसेनाशी व्हावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्या लहानपणी तुमच्यासारख्या बाया डोक्यावर पाटा, काखेत पोर घेऊन गल्लीतून हाळी देत जायच्या. हाळी ऐकली की घरोघरच्या पाट्या-वरवंट्यांना ऊन दिसायचं. ती हाळी शेवटची कधी ऐकली, हे आमच्या घरात कुणालाच सांगता आलं नाही.

जातं एवढं जड की ते यात्रेत आणणं शक्य नव्हतं. तुम्ही लेकाच्या मोटारसायकलवर बसून दुसऱ्या दिवशी घरी आलात. आल्या आल्या पाणीसुद्धा घेतलं नाहीत, आधी दगडाकडे गेलात. वरचा दगड उभा करून टाकीच्या मागच्या टोकाने ठोकलात आणि कान जवळ नेलात. आवाज खणखणीत आला. "चिरलेला न्हाई," म्हणालात. बद्द आवाज आला असता तर तुम्ही हात लावला नसता, हेही सांगितलंत. चिरलेल्या दगडाचे पैसे घ्यायचे नाहीत, असं तुमच्या सासऱ्यांनी शिकवलं होतं.

मग तुम्ही जो हात चालवलात, तो मी अजून विसरलेले नाही. दगडावर तळहात नाही, मनगटाची आतली बाजू फिरवत होता. तळहाताला घट्टे असतात, त्याला गुळगुळीत कुठे झालंय ते कळत नाही, म्हणालात. जिथे मनगट सरकलं तिथे टाकी. टक, टक, टक, अगदी एका चालीत. प्रत्येक घावाला तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा. मधल्या तोंडापाशी खड्डे विरळ, काठाकडे येतील तसे दाट. दाणा तोंडातून आत पडतो, मधे नुसता फुटतो आणि काठाकडे सरकता सरकता पीठ होतो, म्हणून काठाला टाकी बारीक हवी. इतकी वर्षं जात्यावरचं पीठ म्हणून कौतुक ऐकलं, पण पीठ नेमकं कुठे होतं ते त्या दिवशी कळलं. आपल्या मुलखातला हा काळा दगड मुळात कठीण, तरी दळून दळून त्यालाही गुळगुळीतपणा येतो. टाकी बुजली की दाणा चिरडण्याऐवजी घसरतो. तेवढ्यासाठीच तुमची गरज. दगड घडवणारा वेगळा असेल, पण तो चालता ठेवणारी तुम्ही.

दीड तास तुम्ही उन्हात बसून होता. कपच्या उडून पायावर येत होत्या. मधेच एक ठिणगी उडाली तेव्हा माझी मुलगी किंचाळली आणि तुम्ही हसलात. खुंटा किडलेला होता. तुमच्या लेकाने बाभळीचं लाकूड तासून नवा बसवून दिला, त्याचे पैसे वेगळे मागितले नाहीत.

निघताना तुम्ही तीन गोष्टी सांगितल्यात. पहिलं दळण खायचं नाही, त्यात दगडाची कच येते. मूठभर हलकी ज्वारी दळून टाकून द्यायची, ओल्या फडक्याने दगड पुसायचा, आणि पुन्हा एकदा तेच. दुसरी, वैरण मुठीने नाही, चिमटीच्या थोडी वर, चार बोटांनी घालायची. आणि तिसरी, "पाय लांब करून बस. मांडी घालून दळशील तर कंबर धरंल."

वैरण हा शब्द मी गुरांच्या चाऱ्यासाठीच वापरत होते. जात्याच्या तोंडात घालतात तीही वैरणच, हे मी विसरून गेले होते.

आता त्यानंतरचं सांगते, कारण ते तुम्हाला माहीत नाही.

भोगीच्या आदल्या दिवशी आम्ही बाजरी दळायला बसलो. जातं तिथेच गावी ओसरीवर ठेवलंय, पुण्याला नेलं नाही. पहिली काही मिनिटं माझ्या हातून जातं नुसतं घरघरलं, पीठ जाड येत होतं. समोरून तोच खुंटा मुलीने धरला, तेव्हा तिची ओढ आणि माझी ओढ जुळेना. आई खाटेवर बसून बघत होती. तिचं वय आता ऐंशीच्या पुढे. गुडघे गेलेत, बरंचसं विसरतेही. ती उठली, भिंतीला धरत आली आणि मुलीला म्हणाली, "सर गं."

ती बसली, पाय लांब केले, आणि दोन फेऱ्यांतच जातं चालीला लागलं. डावा हात आपोआप सुपात जायचा, वैरण घालायचा, परत यायचा. ती हाताकडे बघतही नव्हती. आणि मग तिने ओवी म्हटली. ओवी म्हण म्हणून मी तिला कितीदा विनवलं असेल, फोन समोर धरून. "आठवत न्हाई गं," एवढंच उत्तर मिळायचं. त्या दिवशी एकापाठोपाठ एक येत गेल्या. तिच्या भावाची, माहेरच्या वाटेची, विठ्ठलाची. हात थांबला की ओवी थांबायची. हात सुरू झाला की तिथूनच पुढे.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या बायांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत, हे मी वाचलं होतं. कुठल्या कुठल्या बायांनी त्या रचल्या, नावाशिवाय पुढे दिल्या, हे वाचून थक्कही झाले होते. पण त्या ओव्या डोक्यात नाही, हातात राहतात, हे मला आईच्या हाताकडे बघून कळलं. तुमच्या टाकीशिवाय ते जातं फिरलं नसतं. काचेखाली ठेवलेल्या दगडापाशी आई कशाला येऊन बसली असती?

किलोभर बाजरीला आम्हाला पाऊण तास लागला. गिरणीतून येतं तसं पीठ गरम नव्हतं, हाताला गारच लागत होतं. बाजरीचं पीठ ठेवलं की कडवट होतं, ज्वारीचं जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते. आजी दोन-तीन दिवसांपुरतंच का दळायची, ते आता उमगलं. तीळ लावलेल्या त्या भाकरीला एकही चीर गेली नाही. माझ्या मुलीने खाऊन विचारलं, "यात काय वेगळं घातलंय?" आईने उत्तर दिलं नाही, तिला दुसरी वाढली.

रोज दळणार आहे असं मी म्हणणार नाही. नोकरी आहे, पुण्यात राहणं आहे. पण महिन्यातून एकदा गावी जाणं होतं, तेव्हा भाजणी, मेतकूट, भरडलेली डाळ एवढं आता जात्यावर. शेजारच्या दोघीजणी पाहून गेल्या. त्यातल्या एकीने गोठ्यात पडलेलं आपलं जातं धुऊन काढलंय. तुमचा पत्ता विचारत होती आणि माझ्याकडे तो नव्हता. तुमचं नावसुद्धा मी विचारलं नाही, याची मला खंत आहे. तुम्ही मागितले दोनशे रुपये, मी दिले, आणि दीड तासाच्या त्या कामाचे ते फार कमी होते हे मला तुम्ही गेल्यावर सुचलं. राहिलेलं देणं माझ्याकडे आहे.

तुम्ही म्हणाला होता, आपल्याला वाचता येत नाही, लेक मोबाईलवर वाचून दाखवतो. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. माण-खटावकडच्या कुणी हे वाचलं आणि तुमची ओळख पटली, तर त्यांनी तुम्हाला ऐकवावं. आणि कुणाच्या दारावरून टाकीवाली बाई गेली, तर तिला थांबवून परसातला दगड दाखवावा.

येत्या रथाला मी म्हसवडला येतेय. भाकरी घेऊन येईन, जात्यावरच्या पिठाची, सोबत ठेचा. तुम्ही त्याच जागी बसा, म्हणजे शोधावं लागणार नाही. आई विचारत असते, टाकी बुजली का गं, बाईला बोलावलंस का. अजून बुजली नाही, मावशी, मनगट फिरवून बघते अधूनमधून.

तुमची,
कडुलिंबाच्या घरची लेक