चुकलेली नोंद मागे घ्या, सगळं गाव कशाला मागे नेता?

संपादक साहेब,

फोंडा तालुक्यातल्या एका पंचायतीत (नाव मुद्दाम घालत नाही) घरपट्टीचा जो घोळ चाललाय त्याबद्दल लिहितोय, कारण मी स्वतः डेटाबेसचंच काम करतो आणि हे ऐकून डोकं तापलं. एका वाड्याचा दर बदलायचा होता, अपडेट (नोंदी बदलायची आज्ञा) चालवताना वाड्याची अट घालायची राहिली आणि अख्ख्या गावाची पट्टी बदलली. कळेपर्यंत बरेच दिवस गेले. मग कोणीतरी म्हणालं टेबलाचे, म्हणजे घरपट्टीच्या नोंदींच्या तक्त्याचे, जुने व्हर्जन आहेत ना, चूक व्हायच्या आधीच्या व्हर्जनवर नेऊन ठेवा. नेलं. दर बरोबर झाले पण मधल्या दिवसांत लोकांनी भरलेले पैसे, वारसांची लागलेली नावं, सगळं गेलं, आता पावती हातात आणि कॉम्प्युटर म्हणतो बाकी!

अहो, फक्त तेवढा एक बदल उलटवायचा असतो. त्या अपडेटच्या आधीचं आणि लगेच नंतरचं व्हर्जन शेजारी ठेवून कुठल्या घराच्या कुठल्या रकान्यात फरक पडला ते काढायचं. आणि मग आजचं टेबल बघायचं. आजही तीच चुकीची किंमत बसलेली असेल तर जुनी घाला, पण मधे कोणी ती परत बदलली असेल तर थांबा, तिथे माणसानेच कागद बघून ठरवायला हवं, स्क्रिप्टला ते कळत नाही. शिवाय ज्यांनी वाढीव बिल भरून टाकलं त्यांचे पैसे दर उलटवून परत येत नाहीत, ती वजावट वेगळी दाखवायला लागते, आणि याचा विचार सहसा कोणी करतच नाही.

आपल्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नावासमोर म्युटेशन (फेरफार) नंबर असतो ना, तशी दुरुस्तीचीही नवी नोंद पडायला पाहिजे, कोणी केली, कशासाठी केली, सगळं.

गेलेलं अजून मिळू शकतं बहुतेक. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून, मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसात १०.३ व्हर्जनपासून नोंदींची जुनी रूपं हिस्टरी म्हणून जपायची सोय आहे, त्यात साध्या अपडेटने जुनं परत घातलं असेल तर मधल्या नोंदी हिस्टरीत पडून असतात. डेल्टा लेकमध्ये (टेबलं फायलींत व्हर्जनवार ठेवायची पद्धत) तर रिस्टोअर, म्हणजे जुन्या व्हर्जनवर नेणं, हेच एक नवीन व्हर्जन असतं, म्हणजे रिस्टोअरसुद्धा उलटवता येतो, फक्त व्हॅक्युम (साफसफाईची आज्ञा) चालवलं की ७ दिवसांपेक्षा जुन्या, वापरात नसलेल्या फायली उडतात (डिफॉल्ट तेवढंच आहे). पण व्हर्जनच्या नावाखाली जुना बॅकअपच चढवला असेल तर हिस्टरीसुद्धा त्या दिवसापर्यंतचीच उरते, मग पावतीपुस्तकं काढून हाताने भरा.

तेव्हा नेमकं काय केलं ते पंचायतीने नोटीस बोर्डावर लिहावं, आणि तोपर्यंत कोणाला थकबाकीदार म्हणून दाखला अडवू नये.

– एक वाचक, फोंडा