शंभर टक्क्यांत न मोजलेली मुलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की आमच्या पूर्व भागात चौकाचौकांत शाळांचे फलक झळकतात. निकाल १०० टक्के, खाली गुणवंतांचे फोटो. मुलांचं कौतुक आहेच. पण आमच्या गल्लीतला एक पोरगा त्या शंभरात मोजलाच गेला नाही. नववीत दोन विषयांत मागे होता. शाळेनं वडिलांना बोलावून सांगितलं, "दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसू द्या त्याला." शाळेचा निकाल शाबूत राहिला. पोरगा टॉवेलच्या कारखान्यात कामाला लागला, फॉर्म भरायचा राहिला तो राहिलाच.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची हद्द १४ व्या वर्षी संपते, म्हणजे साधारण आठवीपाशी. गळती सुरू होते ती तिथूनच. अशा वेळी हायस्कूलचा मास्तर कसा असावा, हे मला माझ्या नववीच्या वर्गशिक्षिकेनं दाखवलं.

आम्ही तेलुगू घरातले. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. आठवीत मराठीच्या तासाला मी "आई आलं" म्हणालो तर वर्ग हसला, आणि सरही हसले. त्यानंतर वर्षभर मी हात वर केला नाही. नववीत बाईंसमोर तेच झालं. त्यांनी विचारलं, "तुमच्यात कसं म्हणतात रे?" म्हटलं, "अम्मा वच्चिंदि." "आणि बस आली?" "बस्सु वच्चिंदि." बाईंनी दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली आणि वर्गाला म्हणाल्या, "बघा, तेलुगूत बाईला नि वस्तूला क्रियापद एकच. म्हणून याला 'आलं' सुचतं." पुन्हा कोणी हसलं नाही. (शब्दांच्या लिंगात मी अजूनही अधूनमधून घसरतो, हे पत्र मुलीकडून तपासून घेतलंय.)

त्याच वर्षी आई आजारी पडली. विड्यांची पानं कापायला मी घरी बसलो, आठ-दहा दिवस शाळा बुडाली. रविवारी बाई दारात हजर. आईला वाटलं, पोरानं काहीतरी उद्योग केला. बाई खाली बसल्या, सूप जवळ ओढलं आणि विचारलं, "हजार विड्यांना किती वेळ लागतो हो?" बराच वेळ त्याच गप्पा. शिक्षणाचं महत्त्व वगैरे एक शब्द नाही. उठताना एवढंच म्हणाल्या, "पहिला तास बुडाला तरी चालेल, पण पाठवा." सोमवारी मी दुसऱ्या तासाला वर्गात होतो.

आजच्या शिक्षकांच्या मागे निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती, भरलेले वर्ग असतात. घरोघरी फिरायला वेळ कुठून काढणार? मान्य. पण १७ नंबरचा फॉर्म पोराच्या हातात द्यायला वेळ मिळतोच ना?

आपल्याला एक विनंती. पुढच्या वर्षी शाळांचे निकाल छापताना टक्क्यांशेजारी आणखी दोन आकडे मागून घ्या. नववीला पट किती होता, आणि त्यातली किती मुलं त्याच शाळेतून दहावीला बसली. हजेरीपट शाळेतच असतो, शोधायला लांब जावं लागणार नाही.

आपला,
एक वाचक,
पूर्व भाग, सोलापूर