ओढ्यावर शिकवायचं नाही, तर शिक्षणमंत्री महोदय, शिकवायचं कुठे?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषद शाळेतल्या एका गुरुजींची बायको. सेवाशर्ती आडव्या येतात म्हणून हे स्वतः लिहू शकत नाहीत. मला तुम्ही नेमलेलं नाही, तेव्हा निलंबितही करता येणार नाही. तालुका मात्र सांगत नाही, नाहीतर नोटिशीला पुरवणी यायची.

नोटीस परवा आली. 'विद्यार्थ्यांना विनापरवानगी शाळेबाहेर नेऊन त्यांची सुरक्षितता धोक्यात आणली, कारणे दाखवा.' शाळा द्विशिक्षकी. दुसऱ्या बाई प्रशिक्षणाला गेलेल्या, म्हणून शनिवारी सकाळी हे चारही वर्ग घेऊन ओढ्यावर गेले. तेवढ्यात एक साहेब आले, कुलपाचा फोटो काढला, शेरेबहीसाठीही थांबले नाहीत. पोरांचा गलका तिथवर ऐकू येत होता, पण चिखलात बूट कोण घालणार?

घातले असते तर दिसलं असतं. काठाने दहा मीटर सुतळी ताणलेली. वरच्या टोकाला करंजाचं पान सोडायचं, खालच्या टोकाला पोचेपर्यंत सेकंद मोजायचे आणि मग भागाकार. फळ्यावरचा भागाकार बघून रडणाऱ्या पोरीने तो वाळूत काटकीने केला. धाकटी पोरं खेकडा उलटा धरून पोटावरची झडप रुंद की निमुळती, त्यावरून नर-मादी ओळखत होती. पाणी घोट्याच्या वर नव्हतं.

आणि सुरक्षिततेचं म्हणाल, तर पलीकडच्या वाडीतली पोरं रोज हाच ओढा तुडवून शाळेत येतात. जुलैत पाणी मांडीला लागतं. साकवासाठी, म्हणजे पायी ओलांडायच्या छोट्या पुलासाठी, ग्रामसभेचे ठराव झाले, अर्ज झाले. त्याबद्दल कुणाला कारणे दाखवायला सांगितलंत? ओढा ओलांडला की हजेरी लागते, ओढ्याशी थांबलं की नोटीस निघते. वा!

तुमच्याच खात्याने मार्च २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' काढला, म्हणजे शनिवारी पुस्तकाबाहेरचं, आनंदाने शिकायचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना द्या म्हणतं. आमची पोरं चौथीपर्यंतची, म्हणजे त्यांनी दप्तर सोडायला सहावीची वाट बघायची. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं. आमच्याकडे ते 'परिसर अभ्यास' नावाच्या पुस्तकात मिळतं. परिसर खिडकीबाहेर, अभ्यास आत.

आनंदाचेही फोटो काढून लिंकवर टाकायचे असतात. आमच्या गच्चीच्या एकाच कोपऱ्यात रेंज येते. रात्री अकराला हे तिथे उभे असतात. आज पोषण आहाराची माहिती, उद्या मतदारयादी, परवा कसलं तरी सर्वेक्षण. सुटीत शाळेच्या परसबागेला पाणी मी घालते, विनामोबदला. माझ्या बाळंतपणात हे निवडणुकीच्या कामावर होते, सासऱ्यांच्या दहाव्यालाही फोनवर माहिती भरत होते. ह्यांची झोप गेली, रक्तदाब वाढला. गोळ्यांचा जीआर कधी निघतो?

शहरातल्या शाळा 'नेचर कॅम्प' म्हणून दोन-दोन हजार घेतात आणि पोरांना चिखलात लोळवतात, असं बहीण सांगते. त्यांना चिखल विकत मिळतो, आमच्यांना फुकट मिळतो तर गुन्हा!

डहाणूजवळच्या कोसबाडला शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पोरांसाठी कुरणशाळा चालवली. पोरं गुरांमागे जायची, म्हणून शाळाच कुरणात गेली. आज त्या असत्या तर आधी गुरांचं संमतीपत्र मागितलं असतंत. तुम्ही मात्र २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या, चौदा-पंधरा हजार तरी असतील, शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचं काढलंत. शाळा पोरांकडे न्यायची राहिली बाजूला, पोरांनाच गाडीत घालून लांब न्यायचं. तेव्हा सुरक्षितता कुठे जाते? मंत्री बदलले, सचिव बदलले, गणवेशाचा रंगही बदलून झाला. पोरांवर आणि गुरुजींवर विश्वास ठेवायचा जीआर तेवढा कुणाला सुचत नाही.

मागणं थोडकं आहे. शिवार हा वर्गच धरा, हजेरीबुकात नोंद केली की पुरे, वेगळी परवानगी नको. नोटीस मागे घ्या. आणि तो साकव.

पत्राची पोच द्यावी. लिंक पाठवलीत तरी चालेल, रात्री अकराला गच्चीवर उघडू.

आपली,
एका गुरुजींची बायको