बालविकासमंत्र्यांना खुलं पत्र : पोराची समज मोजायची कोणी?

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

सतरा वर्षांचा पोरगा मोठ्या गुन्ह्यात सापडला की सरकारचं आश्वासन ठरलेलं : ‘सज्ञान समजून खटला चालवू.’ मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन पोराच्या भरधाव गाडीने दोघांचा जीव गेला तेव्हाही हेच ऐकलं. जामिनासोबतचा 300 शब्दांचा निबंध देशभर गाजला. पोराला सज्ञान समजून खटला चालवावा, हा पोलिसांचा अर्ज जुलै 2025 मध्ये बाल न्याय मंडळाने (अल्पवयीनांची प्रकरणं तेच पाहतं) फेटाळला आणि पुन्हा सगळे चकित!

चकित कशाला व्हायचं? पोराला सज्ञानासारखं चालवायचं का, हे ठरवण्याआधी मंडळाने त्याचं मूल्यांकन करायचं, असं 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 15 सांगतं. ते लागतं 16 ते 18 वयाला, तेही किमान सात वर्षं शिक्षेच्या ‘निर्घृण’ गुन्ह्याला. पुण्यातला आरोप सदोष मनुष्यवधाचा. त्याला जुन्या भारतीय दंड संहितेत जास्तीत जास्त जन्मठेप होती, किमान शिक्षा ठरलेली नव्हती. असा गुन्हा ‘निर्घृण’ धरायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्येच सांगितलंय. नव्या न्याय संहितेत किमान पाच वर्षं आली, तरी सातला दोन कमीच. घोषणेआधी तुम्हा मंडळींना हे कोणी वाचून दाखवत नाही का?

खून, बलात्कारात कलम 15 लागतं, तिथे खरी गंमत. मूल्यांकनाला तीन महिने. पाहायचं काय, तर गुन्ह्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज, घटनेची परिस्थिती. गुन्हा केला की नाही, हे इथे ठरवायचंच नाही. परिवीक्षा अधिकाऱ्याने (पोराच्या घरची, शाळेची माहिती काढणाऱ्याने) 15 दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. तो घरी, शाळेत न जाता भरला की रकान्यांत उरतं ‘संगत वाईट, वडील मजूर’. त्याला रुग्णालयाचा कागद जोडायचा : ‘बुद्ध्यांक सामान्य, परिणामांची जाण आहे.’ झालं मूल्यांकन!

बुद्ध्यांक म्हणजे परिणामांची समज नव्हे. मंडळात बालमानसशास्त्र किंवा मानसोपचार शिकलेला कोणी नसेल, तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये बजावलं. चाकू लागला की माणूस मरतो, हे दहा वर्षांच्या पोरालाही कळतं. टोळक्यातल्या दादाला ‘नाही’ म्हणता येणं वेगळं. ते एका बैठकीत, दाराशी पोलीस उभा असताना, कसं कळणार? शिवाय दोन महिन्यांनी तपासलेलं मन त्या रात्रीचं नसतं. त्यात मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूल्यांकनाची तीन महिन्यांची मुदत बंधनकारक नसल्याचं सांगितलं. म्हणजे तज्ज्ञ सापडेपर्यंत पोरगा निरीक्षणगृहात, आणि मेलेल्याची आई मंडळाच्या पायरीवर.

मागणी मोठी नाही. प्रत्येक जिल्ह्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञांची यादी, त्यांना वेळेवर मानधन, किमान तीन बैठका, अहवालाची प्रत मुलाच्या वकिलाला. मंडळाचे दोन सामाजिक सदस्य राज्य सरकारच नेमतं. तिथे जवळचा माणूस न शोधता मुलांचं काम केलेला शोधा. पोराची शाळा सुटली तेव्हा ज्या यंत्रणेने कागद काढला नाही, ती आता त्याची ‘समज’ मोजायला बसते, वर मोजपट्टीही उसनी!

अशी यादी आज तयार असेल, तर मंडळाच्या फलकावर लावा. आम्ही येऊन वाचू.

आपले,
बालन्यायाच्या कामातले काहीजण