सिस्टर, तुम्ही ती बाटली थांबवलीत

प्रिय सिस्टर,

वजन कमी करण्यासाठी केलेल्या पोटाच्या बायपास ऑपरेशनला ६ आठवडे झाले होते आणि माझ्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. घोट घेतला की छातीखाली अडकायचा, मग उलटी. "घाईत गिळतेस, नीट चाव," असं सगळे सांगत. मलाही तेच पटलं होतं. वजन तर भराभर उतरत होतं, त्यामुळे त्रास होतोय म्हणायचीही चोरी.

त्या रात्री कॅज्युअल्टीत ग्लुकोजची बाटली स्टँडला लावून तयार होती. माझ्या हातावर शीर शोधता शोधता तुम्ही विचारलंत, "उलट्या किती दिवस?" मी म्हटलं, "३ आठवडे." तुमचं बोट तिथेच थांबलं. खिशातलं पेन काढून तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू फिरवलंत. मला दोन पेनं दिसत होती. चालताना तोल जातो का, असंही विचारलंत. जात होता. मी त्याला अशक्तपणा समजत होते.

तुम्ही डॉक्टरांना तिथूनच हाक मारलीत आणि आधी थायमिन गेलं, ग्लुकोज नंतर. का, ते मला पुढे कळलं. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. अंगात त्याचा साठा जेमतेम २-३ आठवड्यांचा. ग्लुकोज वापरायला तेच लागतं, म्हणून साठा संपलेला असताना नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलंही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

दोन दिवसांत पेन एकच दिसायला लागलं. पोटाचा आतड्याशी केलेला जोड आक्रसला होता, तो दुर्बिणीतून फुग्याने रुंद केला. तोल सावरायला मात्र कित्येक आठवडे गेले.

घरी सोडताना फाइलच्या पाठीवर तुम्ही लिहून दिलंत: लोह आणि कॅल्शियम यांत २ तासांचं अंतर, अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, जोडावर अल्सर होतो. आणि खाली दोन रेघा मारून, "उलट्या थांबल्या नाहीत तर घरी बसू नका." तो कागद माझ्या औषधांच्या कपाटाला आतून चिकटवलेला आहे.

तुमच्या पाळीत तुम्ही अशी किती माणसं पाहत असाल! मी तुम्हाला आठवतही नसेन. माझ्यासाठी मात्र तो एक प्रश्न फार मोठा होता, सिस्टर. मनापासून आभार.

परवा कठड्याला हात न लावता जिना उतरले. तुम्हाला सांगावंसं वाटलं.

तुमची,
खिडकीजवळच्या खाटेवरची पेशंट