बाबांचे दुकान, माझे दुकान

मिरज,
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

दसऱ्याला मी राजापूरला आले नाही याचे तुम्हा दोघांनाही वाईट वाटले, हे आईच्या आवाजावरूनच कळले. बाबा, तुम्ही विचारलेत, "शेवटी दुकानच ना ते? एक दिवस कोणाकडे सोपवता येत नाही?" तेव्हा आमच्या रुग्णालयातल्या औषध दुकानाच्या काउंटरवर माणसे उभी होती, म्हणून नीट उत्तर देता आले नाही. आज रात्रपाळीचा फार्मासिस्ट वेळेवर आला आहे, तेव्हा निवांतपणे लिहीत आहे.

न येण्याची कारणे साधी आहेत. नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर नसताना चिठ्ठीवरचे औषध देता येत नाही, असा कायदाच आहे, आणि सणामुळे आमच्यातले दोघे रजेवर होते. शिवाय घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाकिटावर जुनी एमआरपी छापलेली, पण पैसे घ्यायचे नव्या दराने. कंपन्यांच्या नव्या किमतींच्या याद्या थोड्या थोड्या करून येत होत्या आणि संगणकात एकेक बॅच उघडून दर बदलावा लागत होता. ज्याच्या घरचे माणूस आयसीयूत आहे, तो बिलातला आकडा तपासण्याच्या मनःस्थितीत नसतो. म्हणून तो आम्ही तपासून द्यायचा असतो.

"दुकानच ते" हे तुमचे शब्द मला मुळीच खटकले नाहीत, बाबा. मी हे काम शिकले ते तुमच्याच किराणा दुकानात. नवा माल आला की तुम्ही मला फळीवरचे जुने बिस्किटांचे पुडे पुढे ओढायला लावत असा आणि नवे मागे सारत असा. आज मी नव्या मुलांना हेच सांगते: ज्याची एक्स्पायरी आधी, ते पुढे. पट्टीतल्या चारच गोळ्या कोणी मागितल्या, तर कात्री अशा बाजूने चालवायची की बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेला भाग उरलेल्या तुकड्यावर राहिला पाहिजे, आणि गिऱ्हाईकाला दिलेल्या गोळ्यांची ती माहिती बिलावर आली पाहिजे. तुमची उधारीची वही होती, तशी माझ्याकडे शेड्यूल एच-वनच्या, म्हणजे कायद्याने वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांची वही आहे. तीत डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग लिहायचे आणि ती तीन वर्षे जपून ठेवायची.

मात्र तुमचा एक नियम मला मोडावा लागला. "जो माल फिरत नाही, तो ठेवायचा नाही," असे तुम्ही म्हणत असा. गेल्या मार्चमध्ये हिशेब तपासताना मला विचारण्यात आले की सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या वीस व्हायल (छोट्या बाटल्या) पडून आहेत, पैसा अडकला आहे, तर दहाच का ठेवू नयेत? मी नकार दिला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर हे एकच प्रतिविष चालते; फुरशाची भीती आपल्या कातळावरच्या माणसाला मी वेगळी काय सांगणार! पुढे जूनमध्ये मध्यरात्री शेतात काम करणाऱ्या एका माणसाला घोणस चावल्यामुळे आणले. काचेच्या नळीत घेतलेले त्याचे रक्त वीस मिनिटांनंतरही गोठले नव्हते, म्हणजे विष अंगात भिनले होते. पहिल्या दहा व्हायल तेव्हाच वर त्याच्याकडे गेल्या, उरलेल्या दहा पहाटेपर्यंत गेल्या, आणि उजाडण्यापूर्वीच मी सांगलीच्या स्टॉकिस्टला झोपेतून उठवून नवा साठा मागवला. आठवड्याने तो माणूस स्वतःच्या पायांनी काउंटरवर औषधे घ्यायला आला. कपाटातल्या त्या खणाकडे तेव्हापासून मी अडकलेला पैसा म्हणून पाहू शकत नाही.

दुसरी गोष्ट आईसाठी लिहिते, कारण तिलाही संधिवात आहे. कर्नाटकातल्या अथणीकडून एक आजी मुलासोबत आल्या होत्या. चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट होते. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली, तर तोंड सोलवटते, रक्तातल्या पेशी घटतात आणि जीवही जाऊ शकतो. पिशवी हातात देण्यापूर्वी, कशी देणार ते सांगा, असे मी मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "रोज रात्री जेवणानंतर एक." मी पिशवी मागे घेतली, डॉक्टरांना फोन लावून वार ठरवून घेतला आणि पट्टीवर ठळक अक्षरांत "फक्त सोमवार" असे लिहिले. आमच्याकडच्या एका मुलीने तेच खाली कन्नडमध्ये लिहिले. सोमवार हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. आजींनी तो मोठ्याने उच्चारला आणि मान हलवली. औषध पोटात जाण्यापूर्वीचे शेवटचे डोळे आमचे असतात, म्हणून गर्दी कितीही असली तरी हा प्रश्न मी सोडत नाही.

यंदा अन्न व औषध प्रशासनाने रुग्णालयांतल्या औषध दुकानांना फलक लावायला सांगितले की औषधे इथूनच घेण्याची सक्ती नाही. तो दाराआड लावावा, अशी सूचना मला झाली होती. मी तो कॅश काउंटरच्या वर, नजरेसमोर लावला. तुमच्या दुकानावरून पुढे जाणाऱ्या गिऱ्हाईकाला तुम्ही कधी हाक मारून परत बोलावले नाहीत, ते मी पाहिले आहे.

वसुबारसेच्या आधी मी नक्की येते. पाळ्या लावून ठेवल्या आहेत. बाबा, इन्सुलिनची नवी व्हायल फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवा, बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नसते. आणि आई, डब्यातल्या सुट्या गोळ्या फेकू नकोस किंवा ओळखीच्या वाटल्या म्हणून घेऊही नकोस. डबा तसाच ठेव, मी आले की ओसरीवर बसून आपण एकेक पट्टी पाहू.

तुमची लेक