मासा रात्रभर मुरवायला सांगू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरी ग्रिल केलेल्या सुरमईची रेसिपी आली होती, फोटो झकास होता, पण त्यात "दही, लिंबू, आलं-लसूण आणि तंदुरी मसाला चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा" असं छापलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. अहो ही चिकनची पद्धत झाली. आणि आपल्या बडोद्यात कसं आहे, मासे खाणारी मराठी घरं पुष्कळ पण समुद्र काही दाराशी नाही, माल वेरावळसारख्या बंदरांवरून बर्फात येतो, महाग पडतो, नवीन संसारातली मुलं-मुली पेपरातल्या रेसिपीचा मोबाइलवर फोटो काढून तसंच्या तसं करतात आणि एवढे पैसे मोजून शेवटी पानात भुसा येतो. मग म्हणतात मासा शिळा होता. मासा बरेचदा चांगलाच असतो हो, मुरवण्यानं वाट लागलेली असते.

माशाचं मांस मुळात नाजूक, त्याचे धागे आखूड आणि त्यांना बांधून ठेवणारं जाळंही कमी, त्यामुळे आंबट त्यात भराभर शिरतं. लिंबू पिळून सुरमईची तुकडी ठेवा आणि अर्ध्या-पाऊण तासानं तिच्या कडा बघा, पांढऱ्या पडायला लागलेल्या दिसतील. पेरू देशात तर कच्चा मासा लिंबाच्या रसात असाच पांढरा करून खातात, सेविचे म्हणतात त्याला. पण तीच तुकडी रात्रभर आंबटात ठेवून सकाळी निखाऱ्यावर टाकली की राहिलेलं पाणीही जातं आणि हातात येतो तो पिठूळ, कोरडा चुरा. आणि हो, लिंबानं जंतू मरतात या भरवशावर कुणी राहू नये.

आमच्या सीकेपी घरात क्रम ठरलेला आहे. आधी नुसतं मीठ-हळद लावून पंधरा-वीस मिनिटं, त्यात पाणी सुटतं ते ओतून द्यायचं आणि मग प्रत्येक तुकडी जुन्या सुती कापडानं टिपून कोरडी करायची, ही पायरी कुठल्याच रेसिपीत नसते आणि सगळं काम तिथंच होतं, कारण ओल्या तुकडीला आधी वाफ येते, रंग धरत नाही आणि ती जाळीला चिकटते. फ्रोजन मासा असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सावकाश वितळू द्यायचा, त्याला पाणी जास्त सुटतं म्हणून टिपायचाही जास्त. त्यानंतर आलं-लसूण, तिखट आणि आंबट. आंबटाला कोकमाचं आगळ घेणार असाल तर आगळात आधीच मीठ असतं हे लक्षात ठेवा. हे सगळं लावल्यावर फार तर वीस मिनिटं, तीही फ्रिजमध्ये. लसूण अगदी बारीक वाटून जाडसर थापली तर निखाऱ्यावर ती करपून कडू होते, म्हणून थोडाच मसाला लावा आणि बाकीचा तेलात किंचित परतून वरून घाला. मात्र कच्च्या माशाला लागलेला मसाला तसाच वरून घालू नका. रवा, तांदळाचं पीठ वगैरे तव्यासाठी, जाळीवर त्याचं काही काम नाही.

आता सगडी. कोळशावर पांढरी राख धरली की मगच जाळी ठेवायची, ती चांगली तापू द्यायची, तेल माशाला लावायचं आणि एकदा ठेवला की हात लावायचा नाही. खालून रंग आला की मासा आपोआप सुटतो, ओढावा लागतोय म्हणजे अजून वेळ आहे. बोटभर जाड तुकडीला प्रत्येक बाजूनं तीन-चार मिनिटं पुरतात, काट्याजवळचं मांस काचेसारखं दिसायचं थांबून पांढरं झालं की उतरवा. कोलंबीला तर याहून कमी.

आणि खरं सांगू, सगडीवर सुरमईपेक्षा बंगडा सरस! अख्खा घ्या, दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा द्या, कातडी राहू द्या. त्याची स्वतःची चरबी इतकी की निखाऱ्यावर ठिबकून भडका उडतो, तेव्हा तो जाळीच्या कडेला सरकवायचा, कातडीला फोड येऊन ती कुरकुरीत होते आणि आतलं मांस ओलं राहतं, त्याला मीठ-हळद-तिखट आणि चार थेंब आगळ एवढंच लागतं. लोक वास येईल या भीतीनं त्याच्यावर गरम मसाला ओततात तेव्हा फार वाईट वाटतं. ओले बोंबील मात्र जाळीवर नकोत, नुसतं पाणी असतं त्यात.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत म्हणून त्या छापाच. बंगडा, सुरमई, कुपा असले मासे बर्फाशिवाय राहिले तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही, तोंड लाल होणं, खाज, मळमळ हे त्यानं होतं, म्हणून विकत घेतानाच बर्फ बघा आणि घरी येताना सोबत बर्फ घ्या. दुसरं म्हणजे कोळशाची सगडी बंद गॅलरीत किंवा स्वयंपाकघरात कधीच नाही, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतही नाही. गच्चीवरच लावा, वारा बघून, शेजाऱ्यांना सांगून.

तर विनंती एवढीच की माशाची रेसिपी छापताना तुकडी किती जाड, आंबट कधी आणि किती वेळ, हे लिहीत जा, आणि त्या सुरमईच्या रेसिपीची दुरुस्ती छापा. जमलं तर बंगड्याची पण एक द्या, पण मे महिना संपायच्या आत, कारण १ जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटी बंद होतात आणि मग आपल्याकडे ताजा बंगडा मिळणं मुश्कील.

आपली नियमित वाचक,
दांडिया बाजार, बडोदे